ऐंशी पावलांची गल्ली

धाकटी हल्ली चाकाशी बसायची ती पाहुणी आल्यासारखी. उशिरा यायची, स्टूल तीनदा पुढंमागं करायची, आणि एकदा मूठ धरली की पहिल्या दहा फेऱ्या जोरात, पुढं सगळा आनंद. मोठीची नजर आता लांबचं नीट दाखवत नव्हती, पण नजरेची गरज कुणाला होती? चिमटीतून सरकणारं सूतच तिला सांगायचं, की पलीकडच्या टोकाला बाईसाहेबांचं लक्ष उडालंय.

"जोर लाव गं. चाक फिरवतेयस की वारा घालतेयस?"

"लावते, ताई."

"लावते लावते म्हणत वर्ष काढलंस. मुलाच्या नव्या घराचे पडदे निवडून झाले असतील तर जरा इकडं बघ."

धाकटी मूठ फिरवत राहिली. उलटून बोलणं तिच्या स्वभावातच नव्हतं. मोठीच्या मते तोच तिचा आगाऊपणा होता. भांडणारीशी निदान भांडता तरी येतं.

दोर वळायचं काम दोघींचं. एकीनं गल्लीच्या तोंडाशी चाकापाशी बसायचं आणि मूठ फिरवत राहायचं. दुसरीनं कमरेला वाखाचा, म्हणजे घायपाताच्या धाग्यांचा, पेंढा गुंडाळायचा, त्यातली करंगळीएवढी बट काढून चाकाच्या आकड्याला अडकवायची आणि वाख सोडत सोडत उलट पावली चालायचं. चाक पीळ घालतं, चालणारी जाडी सांभाळते. गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या सुताराच्या भिंतीला पाठ टेकली की ऐंशी पावलं झाली, सूत पुरं झालं. अशा सुतांचे तीन पेड, आणि तीन पेड उलट्या पिळानं एकमेकांत बसवले की दोर.

मोठी चालायची, धाकटी फिरवायची. हे सासूनं ठरवलेलं. धाकटी लग्न होऊन आली त्याच आठवड्यात सासूनं दोन्ही सुनांना समोर उभं केलं, बैलजोडी पारखावी तसं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "मोठीचे पाय चांगले आहेत, धाकटीचे खांदे." संपलं. त्याला एकेचाळीस वर्षं झाली. सासू गेली, दोघींचे नवरे गेले, घराच्या अंगणात मधोमध कमरेएवढी भिंत उभी राहून एकाची दोन घरं झाली. जागा मात्र तशाच राहिल्या. त्या बदलता येतात असं कुणाच्या मनातही आलं नाही.

आणि त्या जागांवरूनच दोघींचा संसार बोलून झाला होता. पहिल्या वीस पावलांत घरातलं बोलायचं: कोणाचं पोट दुखतंय, कोण कोणावर रुसलंय. विसापासून चाळिसापर्यंत गावातलं, कारण आवाज चढवावा लागायचा आणि गल्लीतली दारं ऐकत असायची. चाळिसाच्या पुढं काही कळायचं नाही. धाकटीचे नुसते ओठ हलताना दिसायचे, आणि मोठी उगाच मान हलवायची.

तेव्हा गल्लीत सकाळी या चाकाखेरीज आवाज नव्हता. कुरकुर करत ते सुरू झालं की समोरची म्हातारी म्हणायची, उठा, दोरवाल्या लागल्या. सूत गल्लीभर ताणलेलं असलं तर सायकलवाला उतरायचा, वाकायचा आणि खालून सायकल काढायचा. दूधवाला डबे डोक्यावर घेऊन आडव्या पायानं जायचा. कुणी कधी "तुमचं आवरा" म्हणालं नाही. सूत ताणलेलं असताना गल्ली दोघींची, एवढं सगळ्यांना आईच्या दुधाबरोबर ठाऊक होतं. सुताराच्या भिंतीपलीकडं शेतं, शेतांपलीकडं टेकडी, आणि टेकडीवर गवत. दुसरं काही नाही. मोठी उलटी चालायची म्हणून टेकडी तिला कधी नीट दिसलीच नव्हती. ती तिच्या पाठीमागं असायची, उशीसारखी.

आता तिथं दोनशे घरं होती.

"ताई, थांबा," धाकटीनं हाक दिली.

मोठी थांबली. चाक थांबलं. सुताराच्या वळणावरून पांढरी गाडी आली आणि मोठीच्या पाठीशी येऊन गुरगुरत उभी राहिली. दोघींनी सूत खाली जमिनीवर टेकवलं. गाडी त्यावरून गेली. जाता जाता आतल्या बाईनं काच खाली केली. टेकडीवरचीच; मांडीवर कुत्रं, आणि कुत्र्याच्या अंगात स्वेटर.

"काकू, किती सुंदर काम करता हो तुम्ही. हे टिकलं पाहिजे."

"टिकेल की," मोठी म्हणाली. "तुम्ही असंच त्यावरून गाडी काढत राहिलात की टिकेल."

बाई हसली. टेकडीवरची माणसं हसतात फार. त्यात वाईट काही नाही, पण हसून झालं की गाडी पुढंच नेतात.

मोठीनं सूत उचललं. जिथं थांबली होती तिथं गाठीसारखी फुगी आली होती आणि टायरची माती लागली होती. सकाळपासूनची ही सातवी. तिनं फुगी नखानं सपाट करायचा प्रयत्न केला. मग चाकाकडं बघून ओरडली, "आणि तू. गाडी गेली तरी तशीच बसलीयस. फिरव."

*

दोर परत यायचा प्रसंग त्या घरावर कधी आला नव्हता. तो त्याच आठवड्यात आला.

विहिरी खणणारा माणूस जुना गिऱ्हाईक. त्याचा बाप मोठीच्या सासूकडून दोर न्यायचा. त्यानं दोराचं वेटोळं खांद्यावरून उतरवून ओट्यावर ठेवलं आणि त्याचं टोक बोटांत चाळवत राहिला.

"काय रे?"

"मोठीबाई, रागावू नका. हा ताणतोय."

"ताणतोय म्हणजे?"

"खाली उतरलो की हातभर लांबतोय. पेड सुटे होतात. परवा मी तीस हात खाली होतो," तो म्हणाला. "हा तुमच्या हातचा वाटत नाही. म्हणून म्हटलं, विचारावं."

मोठीनं दोर हातात घेतला, दोन मुठींत धरून उलटा पिळला. पेड आळसानं उघडले. गल्लीतल्या दोन दारांतून बायका बघत होत्या. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"माझ्याच हातचा आहे," ती म्हणाली. "चूक झाली. दुसरा देते. तोवर खाली उतरू नकोस."

तो गेल्यावर ती भिंतीपाशी गेली आणि वेटोळं पलीकडं धाकटीच्या अंगणात टाकलं.

"बघ. तुझा पराक्रम. तीस हात खाली माणूस लोंबकळत होता याच्यावर."

धाकटी वाकली, दोराला हात लावला.

"ताई, मी..."

"मी काय? मन नाही तर सांग तसं. टेकडीवर जायचंय ना मुलाकडं? जा. पण चाकाशी बसायचं तर बसल्यासारखं बस."

धाकटीचा मुलगा वसाहतीत पाण्याच्या पंपांवर कामाला लागला होता, आणि तिथंच त्याला दोन खोल्या मिळणार होत्या. गावात कुणी विचारलं तर धाकटी म्हणायची, बघू. मोठीला ते "बघू" पायात काट्यासारखं सलत होतं. बघू म्हणजे काय? एकेचाळीस वर्षं समोर बसलेलं माणूस एक दिवस उठून बघू म्हणतं.

*

रस्त्याची सभा शाळेत भरली. मोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. इंजिनिअर तरुण होता, नम्र होता, त्यानं फळ्यावर नकाशा लावला. वसाहतीला मुख्य रस्ता हवा आहे. सर्वांत जवळची वाट दोरवाल्यांच्या गल्लीतून. गल्ली रुंद होईल, सुताराची भिंत जाईल, वळण सरळ होईल. गल्लीत दार उघडणाऱ्या अकरा घरांपैकी सहांनी संमती दिली तर हे होईल, नाहीतर दुसरीकडून लांबचा मार्ग काढावा लागेल.

मग जो तो आपलं काढायला लागला. शाळेच्या बाई म्हणाल्या, वर्गात तीस मुलं होती ती बासष्ट झाली, खडू पुरत नाहीत. कुणी म्हणालं, वर खोल विहिरी पाडल्या तशी आमची मार्गशीर्षातच तळ दाखवते. सुतार उठला.

"माझा कोंबडा पहाटे ओरडतो म्हणून वरून लेखी तक्रार आलीय," तो म्हणाला. "मी त्याला वाचून दाखवली. ऐकत नाही."

सगळे हसले, इंजिनिअरसुद्धा. दुकानदार मात्र रस्त्याच्या बाजूनं बोलला, आणि खोटं बोलला नाही. गिऱ्हाईक वाढलं, पोरांना इथंच काम मिळालं, आजारी माणसाला न्यायला गाडी दारापर्यंत येईल. मोठीनं तेही ऐकून घेतलं. मग ती उठली.

"बोला, आजी," इंजिनिअर म्हणाला.

"आजी तुझ्या घरी. इथं बाई म्हण."

"बोला, बाई."

"वर दोनशे घरं आली, त्यांना रस्ता हवा. उद्या चारशे येतील, त्यांना रुंद हवा. आम्ही काय करायचं? पालीसारखं भिंतीला चिकटून बसायचं? तुझ्या त्या कागदावर गल्ली बोटभर आहे. ती ऐंशी पावलं आहे. मी मोजलीय, रोज, उलटी. दोर सरळ जागेत वळावा लागतो, घडी घालून वळता येत नाही. एवढी एकच सरळ जागा आहे गावात. ती नेलीत तर आमचं काम गेलं. माणसं येऊ देत, त्यांना कुणी नको म्हणत नाही. पण दुसरीकडून येऊ देत. थोडं लांबून आल्यानं कुणी मरत नाही."

ती बसली. तिनं आधीच हिशेब केला होता. अकरा दारांपैकी पाच रस्त्याच्या बाजूची, पाच विरुद्ध. अकरावं दार धाकटीचं. म्हणजे सहा. तिनं धाकटीला विचारलं नव्हतं. स्वतःच्या हाताला कुणी विचारतं का, तू माझ्या बाजूनं आहेस का म्हणून?

"रस्ता हवा असणाऱ्यांनी हात वर करा."

पाच हात वर गेले. मग कोपऱ्यातल्या बाकावरून, सावकाश, सहावा. धाकटीचा. तोही डावा. डोळे जमिनीकडं, ओठ घट्ट मिटलेले, जणू वर्गात न येणारं उत्तर देतेय.

मोठीनं मोजलं. मग पुन्हा मोजलं. मग उठली, आणि बाकांच्या मधून, कुणाच्या गुडघ्याला धक्का न लावता, बाहेर गेली.

*

एकोणीस दिवस दोघी बोलल्या नाहीत. चाकावर गोणपाट पडलं.

मोठीला वाटलं होतं, राग पुरेल. राग आठवडाभर पुरला. त्यानंतर सकाळी जाग आली की पाय आपोआप खाली यायचे, पेंढा बांधायला हात कमरेकडं जायचे, आणि मग आठवायचं. चहा करताना दोन कप काढायची. एक परत ठेवायची. टोमणे तोंडात तयार व्हायचे आणि टाकायला कुणी नसायचं. त्या दिवसांत तिला कळलं की आपण दिवसभर कुणाशी बोलत नव्हतोच कधी. आपण वीस पावलं बोलत होतो. एवढंच होतं, आणि तेवढं पुरत होतं.

एक दिवस तिनं एकटीनं करून बघितलं. बट आकड्याला अडकवली, मूठ वीस वेळा फिरवली, उठून धावत जाऊन सूत धरलं. तोवर पीळ उलगडून वाखाचं भुस्कट झालं होतं. सुतार दारातून बघत होता. त्याला काही बोलायची हिंमत झाली नाही, आणि तिला त्याचा फार राग आला.

मग ती गल्लीतून चालायला लागली. हात मोकळे, आणि सरळ पावली. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला सुताराची भिंत समोरून जवळ येताना दिसली. भिंतीवर तिच्या खांद्यांच्या उंचीला चुना घासून गेला होता. ती रोज पाठ टेकवायची त्याची खूण. भिंतीवरून वर टेकडी. घरं, घरांवर टाक्या, टाक्यांवर ऊन. गवत कुठं होतं ते तिनं शोधून बघितलं. एकदा तरी आपण मागं वळून बघायला हवं होतं, असं तिला वाटलं. गवत असताना.

विसाव्या दिवशी माणसं आली आणि त्यांनी गल्लीत पांढऱ्या रेघा मारल्या. दोन दिवसांनी खोदायला येणार होती. मोठीला विहीरवाल्याची आठवण झाली. त्याला शब्द दिला होता. एक दोर, चांगला, आणि तो याच गल्लीत व्हायला हवा. राग तसाच कडेवर घेऊन ती भिंतीपाशी गेली.

धाकटी अंगणात चादर वाळत घालत होती. तिनं चादरीचं टोक दातांत धरलं होतं. डाव्या हातानं दुसरं टोक दोरीवरून फेकत होती. उजवा हात कोपरात दुमडून पोटाशी धरलेला, कुणाचं आजारी मूल धरावं तसा. चादर एकदा पडली. तिनं ती उचलली, परत दातांत धरली.

मोठी भिंतीवरून वाकून बघत राहिली. शाळेतला तो हात तिला आठवला. डावा.

"उजव्या हाताला काय झालंय?" तिनं विचारलं.

धाकटी दचकली. "काही नाही, ताई."

"वर कर."

"ताई, राहू दे ना."

"वर कर म्हणते."

धाकटीनं हात उचलला. तो छातीपर्यंत आला आणि तिथं थांबला. तिच्या कपाळावर बारीक घाम आला.

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील."

"डॉक्टर काय म्हणाला?"

"खांदा झिजलाय म्हणाला. मूठ फिरवणं बंद करा म्हणाला."

"मग केलं का नाहीस?"

धाकटी चादरीची घडी काढत राहिली. "तुम्हाला कोण सांगणार?" ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. पाऊस पडला तर छत्री घ्यायची, इतकं साधं होतं ते.

"मी काय खाते माणसं?"

"सांगितलं होतं एकदा. तुम्ही सुताराच्या भिंतीशी होतात. तुम्ही मान हलवलीत. मला वाटलं, सुटले बाई. मग तुम्ही परत आलात आणि म्हणालात, पीळ ढिला आहे, अंगचोरपणा करू नकोस."

मोठीला तो दिवस आठवला नाही. असे दिवस फार होते.

"जवळ असताना का नाही बोललीस? वीस पावलांत?"

"जवळ असताना तुम्ही बोलत असता, ताई."

पलीकडच्या रस्त्यावर कुठंतरी खडी ओतल्याचा आवाज झाला. दोघींनी तिकडं बघितलं, बघायचं काही नसताना.

"आणि म्हणून हात वर केलास."

"मला वाटलं, रस्ता आला की काम आपोआप थांबेल. कुणी कुणाला काही सांगायला नको. तुम्ही रस्त्याला शिव्या द्याल." धाकटीनं नाक पुसलं. "तो दोर परत आला ना, त्या दिवसापासून झोप नाही मला. तीस हात खाली माणूस. अजून चार महिने मी बसले असते तर कुणाचा तरी जीव घेतला असता मी."

मोठी भिंतीला धरून उभी राहिली. हसावं की काय करावं, तिला कळेना. दोनशे घरांचा रस्ता येत होता, सुताराची भिंत जात होती, गावाचं तोंड बदलत होतं. का? तर एका बाईला दुसऱ्या बाईला "मला होत नाही" एवढं म्हणता आलं नाही. ती घरात निघून गेली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी चाकावरचं गोणपाट निघालं. मोठीनं भिंतीवरून हाक दिली. "ये. मी बसते, तू चाल."

"मी?"

"पाय आहेत ना? खांद्यानं चालायचं नाहीये."

धाकटीनं पेंढा कमरेला बांधून घेतला. बांधताना मोठीनंच गाठ मारली, घट्ट, पोरीला शाळेत पाठवताना मारावी तशी. गल्लीच्या दोन्ही तोंडांना रस्त्याच्या माणसांनी पिंपं उभी केली होती, म्हणून गाड्या बंद होत्या. सायकलसुद्धा नव्हती. मोठीनं मूठ फिरवली, चाक कुरकुरलं, आणि समोरच्या दारातून कुणीतरी डोकावून बघितलं.

धाकटी मागं जायला लागली. तिसऱ्या पावलाला तिनं मान वळवली.

"मागं बघू नकोस. सूत हलतं."

"पडेन ना."

"मी बघतेय. माझ्याकडं बघ."

वीस पावलं झाली. बोलायचं खूप होतं, आणि दोघी गप्प होत्या. चाळीस झाली. धाकटीचा चेहरा लहान होत गेला, मग चेहऱ्याची नुसती जागा राहिली, मग फक्त हात हलताना दिसायला लागले. ही अशीच दिसत असणार मी, मोठीला वाटलं. रोज लांब जाणारी, लांबून ओरडणारी. चौथ्या सुताला तिच्या खांद्यात कळ उठली. सहाव्याला तिनं दात आवळले. ती काही म्हणाली नाही, आणि थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की आपण काही म्हणत नाही आहोत.

रस्त्याची माणसं पिंपांशी बसून बघत होती. एकानं विडी पेटवली. कुणी "तुमचं आवरा" म्हणालं नाही. दुपारपर्यंत सुतं झाली, पेड झाले. ऊन कलल्यावर तीन पेड एकत्र बसवून दोर झाला.

मोठी ओट्यावर बसली. तिनं दोराचं टोक मांडीवर घेतलं आणि सगळा दोर, हातभर हातभर करत, तळव्यातून काढला. कुठं जाड, कुठं बारीक. जाड जागेला बोट थांबायचं, बारीक जागेला ती डोळे मिटायची. पीळ मात्र कडक होता. धाकटी समोर उभी होती, उजवा हात पोटाशी धरून. सूर्य टेकडीवरच्या टाक्यांमागं गेला तरी तिला कुणी बस म्हटलं नव्हतं.

शेवटची वीत हातातून गेली. मोठीनं दोराचं वेटोळं केलं आणि बाजूला ठेवलं.

"बस," ती म्हणाली.

धाकटी बसली.

"दोर भिकार झालाय. तेरा ठिकाणी बारीक आहे. हा मी विहीरवाल्याला द्यायची नाही. उद्या जाऊन सांगते त्याला, नायलॉनचा घे म्हणून. स्वतः सांगते, निरोप नाही पाठवायची."

"मला चालता नाही आलं, ताई."

"नाहीच आलं. मला तरी कुठं फिरवता आलं." मोठीनं आपला खांदा दाबला, आणि धाकटी बघतेय हे दिसूनही हात काढला नाही. "आता ऐक. एकदाच सांगते. रस्त्याला हात वर केलास ते चुकलंस. ते मी जिवंत आहे तोवर तुला बोलून दाखवणार, तू टेकडीवर राहायला गेलीस तरी तिथं येऊन दाखवणार, त्यातून तुझी सुटका नाही. पण एक गोष्ट सांगायला दोन वर्षं भ्यालीस, ती चूक तुझी नाही. ती माझी."